चॅटचा सर्व्हर स्वतःचा: ईजॅबरडी आणि कॉन्व्हर्स, दोन वर्षांच्या वापरानंतर

उल्कावर्षावाच्या रात्री कुणालाच लांबलचक लिहायचं नसतं. "आत्ता गेली! मिथुनातून सरळ खाली! दिसली का?" एवढंच लिहायचं असतं, आणि ते दुसऱ्याला त्याच क्षणी दिसायला हवं असतं. पान रिफ्रेश करेपर्यंत पुढची उल्का येऊन गेलेली असते. हौशी आकाशनिरीक्षकांचा आमचा एक वेब-समूह आहे. सुमारे हजार सदस्य, जँगो या पायथॉनच्या वेब-चौकटीवर बांधलेला प्लॅटफॉर्म, आणि त्याची तांत्रिक बाजू नोकरी सांभाळून मी बघते. लेख, फोटो, निरीक्षणांच्या नोंदी हे सगळं त्यात पहिल्यापासून होतं. चॅट नव्हतं.

आधी आम्ही एका कंपनीची तयार चॅट खिडकी पानावर बसवली होती. दोन ओळी टाकल्या की काम झालं. तीन वर्षं ती चांगली चालली. मग एक दिवस मेल आला की सेवा बंद होत आहे, साठ दिवसांत आपला डेटा उतरवून घ्या. मी घेतला. त्यात मेसेजपुढे सदस्याचं नाव नव्हतं, त्यांच्या आतल्या यादीतला एक क्रमांक होता, आणि ती यादी आम्हाला मिळालीच नाही. एका धूमकेतूच्या दीड महिन्याच्या नोंदी त्या चॅटमध्ये होत्या: कुणाला शेपूट किती अंश लांब दिसलं, कुणी कुठल्या ताऱ्याशी तेज ताडून पाहिलं. यातली कुठली नोंद कुणाची, हे आता कुणालाच सांगता येत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

म्हणून पुढची निवड करताना मी एकच अट धरली: सदस्याची ओळख आणि त्याने लिहिलेलं, दोन्ही आमच्याकडेच राहिलं पाहिजे. ती अट एक्सएमपीपीने, म्हणजे चॅटसाठीच्या खुल्या नियमांच्या संचाने, पुरी केली. जुने लोक याला जॅबर म्हणून ओळखतात. जेरेमी मिलर यांनी १९९८ मध्ये यावर काम सुरू केलं आणि जानेवारी १९९९ मध्ये ते जगापुढे ठेवलं. २००४ मध्ये आयईटीएफ या इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने त्याचे नियम आरएफसी ३९२० आणि ३९२१ म्हणून प्रसिद्ध केले आणि २०११ मध्ये ६१२० आणि ६१२१ म्हणून ते सुधारले. नियम उघडे असल्यामुळे सर्व्हर एकाचा, ब्राउझरमधलं चॅट दुसऱ्याचं, फोनवरचं ॲप तिसऱ्याचं, अशी जोडणी करता येते. उद्या यातला एखादा दुवा बंद पडला तर तेवढाच बदलायचा.

आमचा सर्व्हर ईजॅबरडी आहे. ॲलेक्सी श्चेपिन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. तो अर्लँग भाषेत लिहिलेला आहे, आणि ही भाषा एरिक्सनमध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी घडली. एकाच वेळी हजारो जोडण्या उघड्या ठेवणं हेच तिचं मूळ काम. ब्राउझरमध्ये कॉन्व्हर्स, अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स. नावं सारखी असली तरी हे दोन वेगळे प्रकल्प आहेत, सदस्यांना सूचना लिहिताना जपून लिहा. कमी मेमरीत चालणारा, लुआ भाषेतला प्रोसोडीसुद्धा मी महिनाभर चालवून पाहिला आणि तोही मला आवडला. ईजॅबरडी घेतला तो त्याच्या एचटीटीपी एपीआयसाठी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्राममधून त्याला हुकूम द्यायच्या सोयीसाठी. रूम (गटाने बोलायची खोली) बनवणं, सदस्याला रूममध्ये घालणं, त्याचं सेशन (चालू जोडणी) तोडणं, हे सगळं जँगोमधून एका कॉलवर होतं.

माझं मत आधीच सांगते: ज्यांचा स्वतःचा समूह आहे, स्वतःचा सर्व्हर आहे आणि त्याकडे बघणारं किमान एक माणूस आहे, त्यांनी हे जरूर घ्यावं. बसवायला मला एक दिवस लागला. प्लॅटफॉर्मशी नीट जुळवायला चार महिने लागले. हे परीक्षण त्या चार महिन्यांबद्दलच जास्त आहे.

पहिला प्रश्न लॉगिनचा. सदस्यांनी चॅटसाठी दुसरा पासवर्ड काढायचा, हे मला अजिबात मान्य नव्हतं. ईजॅबरडीमध्ये 'एक्स्टर्नल ऑथ' नावाची सोय आहे. सर्व्हर तुमची एक छोटी स्क्रिप्ट चालू करून ठेवतो आणि कुणी लॉगिन करायला आलं की तिला विचारतो. विचारण्याची पद्धत अगदी साधी आहे. आधी दोन बाइट येतात, त्यात पुढच्या मजकुराची लांबी. मग मजकूर: 'ऑथ', नाव, डोमेन, पासवर्ड, आणि प्रत्येकाच्या मध्ये कोलन. स्क्रिप्टने चार बाइटांत उत्तर द्यायचं: शून्य, दोन, शून्य, आणि शेवटी एक किंवा शून्य. एक म्हणजे आत घ्या, शून्य म्हणजे नको. साठ-सत्तर ओळींत काम होतं.

माझ्या पहिल्या स्क्रिप्टने आलेला मजकूर प्रत्येक कोलनवर तोडला. चाचणीत सगळं व्यवस्थित चाललं. चॅट सुरू केल्यावर पाच सदस्यांचं लॉगिनच होईना. प्लॅटफॉर्मवर तोच पासवर्ड चालत होता आणि चॅटवर चालत नव्हता. त्यातल्या एक ज्येष्ठ बाई रोज एक शांत मेल पाठवायच्या, "आजही झालं नाही." मी सर्व्हरच्या नोंदी चाळल्या, सर्टिफिकेट तपासलं, त्यांचं खातं पुन्हा बनवलं. नवव्या दिवशी लक्षात आलं की या पाचही जणांच्या पासवर्डमध्येच कोलन आहे. नाव आणि डोमेन यांत कोलन चालतच नाही, त्यामुळे पहिल्या तीन कोलनांवर तोडायचं आणि उरलेलं सगळं पासवर्ड म्हणून घ्यायचं, एवढंच करायचं होतं. एका आकड्याचा बदल. याच स्क्रिप्टमध्ये आणखी एक खबरदारी घ्या: लांबी बाइटांत येते, अक्षरांत येत नाही. देवनागरी अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं असतं. तुम्ही अक्षरं मोजून वाचायला बसलात तर स्क्रिप्ट न आलेल्या मजकुराची वाट बघत अडकून राहील.

नावांचं प्रकरण याहून गंभीर आहे. जँगोच्या मूळ नियमांत सदस्यनावात लहान आणि मोठी लॅटिन अक्षरं वेगळी धरली जातात, आणि नावात '@' हे चिन्हही चालतं. एक्सएमपीपीच्या पत्त्यात मात्र '@' नावाच्या भागात चालत नाही, आणि मोठी अक्षरं लहान होतात. आमच्याकडे एकच नाव, एकदा मोठ्या आणि एकदा लहान अक्षराने सुरू होणारं, असे दोन वेगळे सदस्य खरोखर होते. चॅट सर्व्हरच्या दृष्टीने ते एकच. म्हणजे एकाचे खाजगी मेसेज दुसऱ्याच्या खिडकीत उघडायची शक्यता. हे चॅट सुरू करण्याआधी दिसलं, म्हणून बरं. मी सदस्यांच्या टेबलमध्ये चॅटच्या नावाचा वेगळा रकाना केला. तिथलं नाव एकदा दिलं की बदलत नाही, मग सदस्याने प्लॅटफॉर्मवरचं नाव कितीही वेळा बदलू दे. तुम्हीही पहिल्याच दिवशी असं करा. नंतर करायला गेलात तर जुना सगळा इतिहास हलवावा लागेल.

वेबवर मात्र पासवर्डने काम भागत नाही, कारण सदस्य आधीच लॉगिन झालेला असतो आणि त्याचा पासवर्ड आपल्याकडे उघडा नसतो, नसावाच. कॉन्व्हर्सला एक यूआरएल देता येतो, तिथून तो पत्ता आणि पासवर्ड मागून घेतो. त्या यूआरएलवर मी पासवर्डच्या जागी दोन मिनिटं टिकणारं, एकदाच चालणारं टोकन देते. स्क्रिप्ट आधी टोकन बघते, नसेल तर पासवर्ड. सदस्याला यातलं काहीच दिसत नाही. पान उघडलं की कोपऱ्यात चॅट तयार असतं. एक किंमत मात्र आहे. पासवर्ड स्क्रिप्टकडे जायचा तर तो सर्व्हरपर्यंत उघड्या रूपात पोचावा लागतो, पासवर्ड न पाठवताच तो ठाऊक असल्याचं पटवणारी स्क्रॅमसारखी पद्धत इथे चालत नाही. म्हणून टीएलएसशिवाय, म्हणजे कुलुपबंद जोडणीशिवाय, कुणालाही जोडू द्यायचं नाही. ती अट मी सेटिंगमध्ये सक्तीची केली आहे.

आता ज्या चुकीची मला खरी टोचणी लागली ती. एका सदस्याला उर्मट वागणुकीमुळे मॉडरेटरांनी प्लॅटफॉर्मवरून निलंबित केलं. संध्याकाळी सातला बटण दाबलं गेलं. रात्री साडेअकराला एका मॉडरेटरचा फोन: "ताई, तो अजून रूममध्ये लिहितोय. मुलं आहेत तिथे." मी धावत लॅपटॉप उघडला. निलंबन बरोबर झालं होतं. स्क्रिप्टला विचारलं असतं तर तिने नकारच दिला असता. पण तिला कुणी विचारलंच नव्हतं. एक्सएमपीपीत ओळख फक्त जोडणी होताना तपासली जाते. एकदा आत आलेलं सेशन तासन्‌तास उघडं राहतं, आणि या माणसाचं दुपारपासून उघडं होतं. वेबच्या सवयीने मी गृहीत धरलं होतं की प्रत्येक क्लिकला ओळख तपासली जाते. त्या रात्रीपासून निलंबनाचं बटण तीन कामं करतं: खातं बंद, त्याची सगळी सेशन्स तोडणं, आणि सगळ्या रूममध्ये त्याला 'आउटकास्ट' करणं, म्हणजे प्रवेशबंदी. तिन्ही कामं झाल्याचं उत्तर आल्याशिवाय मॉडरेटरला हिरवी खूण दिसत नाही. हे लिहायला मला पाऊण तास लागला. आधी लिहायला हवं होतं. त्या साडेचार तासांत ज्यांना ते वाचावं लागलं त्यांची मी माफी मागितली.

संपर्कयादीतही मी एक मोठी चूक केली. ईजॅबरडीत 'शेअर्ड रोस्टर' असतो, म्हणजे एक गट करायचा आणि गटातल्या सगळ्यांच्या यादीत सगळे आपोआप येतात. समूह म्हणजे कुटुंबच, सगळ्यांना सगळे दिसू देत, असं म्हणून मी हजारही जणांना एकाच गटात घातलं. पण एक्सएमपीपीत यादीत असणं म्हणजे एकमेकांची हजेरी कळत राहणं. एक जण आला की त्याची खबर सगळ्या उपस्थितांना, आणि सगळ्यांची खबर त्याला. ग्रहणाच्या रात्री तीनशे जण आले तर नुसत्या येण्याच्या खबरा ८९,७००. हजारही आले तर ९,९९,०००. शिवाय कुणी फोन खिशात ठेवला की 'दूर गेले', काढला की 'परत आले'. सर्व्हरने हे निमूट सोसलं, त्याला घाम फुटला नाही. फोनच्या बॅटऱ्यांना फुटला. आता सरसकट गट नाही. प्लॅटफॉर्मवर दोघांनी एकमेकांना मित्र केलं तरच ते चॅटच्या यादीत येतात. बाकी सगळ्या गाठीभेटी रूममध्ये.

आमच्या समूहाचा खरा जीव या रूममध्येच आहे. एक्सईपी-००४५ हा त्यांचा नियम (एक्सईपी म्हणजे एक्सएमपीपीचे जोड-नियम). प्लॅटफॉर्मवरचा प्रत्येक अभ्यासगट, म्हणजे ग्रह, बदलते तारे, उल्का, दुर्बिणी बनवणारे, यांना आपापली रूम आहे. गटात सामील झालात की रूमचे सदस्य झालात, गट सोडला की रूम सुटली. ही जुळणी इतकी सहज बसली की तिच्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दोन सेटिंग्ज तेवढी विसरू नका. रूम 'पर्सिस्टंट' करा, नाहीतर शेवटचा माणूस बाहेर पडताच ती नाहीशी होते. आणि रूम बनवायचा अधिकार फक्त प्लॅटफॉर्मच्या खात्याला ठेवा.

रूममधल्या टोपणनावांनी मात्र आम्हाला त्रास दिला. एक्सएमपीपीत रूममध्ये शिरताना प्रत्येक जण स्वतःसाठी नाव निवडतो, आणि ते खात्याशी बांधलेलं नसतं. नेहमीच्या पद्धतीच्या रूममध्ये नावामागचा खरा पत्ता फक्त मॉडरेटरला दिसतो. एका तरुण सदस्याने गंमत म्हणून आमच्या सर्वांत अनुभवी निरीक्षकांचं नाव घेतलं, ते स्वतः रूममध्ये नसताना, आणि एका नवख्या मुलीला सूर्य बघण्याबद्दल चुकीचा सल्ला दिला. सूर्याकडे दुर्बिणीतून बघताना पुढे फिल्टर हवाच. तिथे गंमत डोळ्यांवर बेतते. सुदैवाने तिने आधी विचारलं आणि मग दुर्बीण लावली. त्यानंतर मी सगळ्या रूम खुल्या ओळखीच्या केल्या, प्रत्येकाला प्रत्येकाचा खरा पत्ता दिसेल अशा, आणि वेबवर टोपणनाव बदलायची सोय काढून टाकली.

खऱ्या पत्त्यामुळे वेगळाच गोंधळ झाला. एक्सएमपीपीचा पत्ता हुबेहूब ईमेलसारखा दिसतो: नाव, मध्ये '@', मग डोमेन. लोकांनी त्यावर मेल पाठवायला सुरुवात केली. कुणी गुरूच्या उपग्रहांचे फोटो पाठवले, कुणी मीटिंगची वेळ विचारली, आणि उत्तर आलं नाही म्हणून मनातून खट्टू झाले. यावर तांत्रिक उपाय आहे, पण तो चॅट सर्व्हरमधला नाही. मी मेल सर्व्हरवर त्याच नावांची पुढे पाठवायची सोय केली. आता त्या पत्त्यावर मेल आला तर सदस्याच्या खऱ्या मेलवर जातो. लोकांना जे पत्ता म्हणून दिसतं ते पत्ता म्हणून चाललं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझरची सर्व्हरशी सतत उघडी राहणारी जोडणी, तिच्याबद्दल थोडक्यात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये आम्ही एनजिनएक्स हा प्रॉक्सी, म्हणजे मधला निरोप्या, ठेवला आहे. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची जोडणी गप्प बसलं की बरोबर एका मिनिटाने तुटायची. कारण शोधायला मला दोन रात्री लागल्या: मधल्या प्रॉक्सीची मूळ वाचन-मर्यादा ६० सेकंद असते, आणि तेवढा वेळ कुणी काही बोललं नाही तर ती जोडणी मेली असं धरते. मर्यादा वाढवली, सर्व्हरचं पिंग (ठरावीक वेळाने छोटी हाक) चालू केलं, प्रश्न संपला. फोटोंचंही तसंच. एक्सईपी-०३६३ प्रमाणे ॲप आधी सर्व्हरकडे जागा मागतं, सर्व्हर दोन लिंक देतो, एकीवर फोटो चढवायचा आणि दुसरी रूममध्ये टाकायची. चंद्राचे फोटो चढत होते, आकाशगंगेचे चढत नव्हते. आकाशगंगेचे मोठे होते, आणि प्रॉक्सीची मूळ मर्यादा १ एमबी. दोन्ही वेळा चूक माझी होती, मधल्या थराकडे मी बघितलंच नव्हतं. फोटोच्या लिंकबद्दल एक गोष्ट सदस्यांना स्पष्ट सांगा: लिंक ओळखायला अशक्य असली तरी तिला कुलूप नसतं. ज्याच्या हाती पडली त्याला फोटो दिसतो.

इतिहास साठवण्याचं काम एक्सईपी-०३१३ करतं. सगळे याला 'मॅम' म्हणतात. सर्व्हरवर ते सांगून चालू करावं लागतं, रूमसाठी वेगळं आणि खाजगी मेसेजसाठी वेगळं. मी पहिल्यापासून ते एसक्यूएल डेटाबेसमध्ये ठेवलं आणि त्याचा मला रोज आनंद होतो. ईजॅबरडीचा अंगचा डेटाबेस म्नेशिया इथे वापरू नका, या कामाला त्याच्या फायलीची मर्यादा २ जीबी आहे. वेबवर वाचलेलं फोनवर दिसतं, फोनवर लिहिलेलं वेबवर दिसतं, महिनाभराने परत आलेल्या माणसाला मधलं सगळं वाचता येतं. खाजगी मेसेज आम्ही एका वर्षानंतर पुसतो आणि हे सदस्यत्वाच्या पानावर लिहिलेलं आहे. रूममधलं ठेवतो.

फोनचा अनुभव समसमान नाही. अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्स स्वतःची जोडणी धरून ठेवतं आणि मेसेज लगेच येतात. बॅटरी वाचवण्याच्या सेटिंगमधून त्याला वगळायचं, एवढंच प्रत्येकाला एकदा सांगावं लागतं. आयफोनवर मागे गेलेल्या ॲपला जोडणी धरू दिली जात नाही. तिथे खबर ॲपलच्या पुश सेवेतूनच जाते, आणि त्यासाठी ॲप बनवणाऱ्याचा स्वतःचा पुश सर्व्हर मध्ये लागतो. एक्सईपी-०३५७ ने हे जमतं, आमचे आयफोनवाले सदस्य मोनल हे ॲप वापरतात. पण 'सगळं आमच्याच सर्व्हरवर' हे वाक्य तिथे पुरतं खरं राहत नाही. मजकूर न पाठवता नुसती 'काहीतरी आलंय' एवढीच खबर पाठवता येते. आम्ही तेच करतो.

मेसेज टोकापासून टोकापर्यंत कुलुपबंद ठेवण्यासाठी ओमेमो आहे. दोघांच्या खाजगी बोलण्यात सदस्य ते वापरतात, वापरावंच. रूममध्ये मी ते ठेवलं नाही. नव्या सदस्याला जुन्या नोंदी वाचता आल्या पाहिजेत आणि तक्रार आली तर मॉडरेटरला काय लिहिलं गेलं ते दिसलं पाहिजे. ओमेमोत यातलं काहीच होत नाही, तो बनलाच तसा आहे. रूम कुलुपबंद नाहीत हे प्रत्येक रूमच्या विषयाच्या ओळीत लिहून ठेवलं आहे.

दार बाहेरच्या जगाला उघडं ठेवायचं का, यावर आमच्या मंडळात दोन मीटिंगा झाल्या. एक्सएमपीपीत ईमेलसारखं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाशी बोलू शकतो, त्यासाठी ५२६९ हा पोर्ट असतो. गूगल टॉक २००५ मध्ये आलं आणि २००६ मध्ये त्याने हे दार उघडलं. तेव्हा एका कोपऱ्यातल्या छोट्या सर्व्हरवरून जीमेलवाल्या मित्राशी बोलता यायचं. २०१३ मध्ये हँगाउट्स आलं आणि त्यात ते दार नव्हतं. मी त्या काळात ते वापरलं आहे, आणि एके दिवशी मित्रांच्या नावापुढचे हिरवे ठिपके विझले ते मला आठवतं. म्हणून दार उघडं ठेवावं असा मी मीटिंगमध्ये हट्ट धरला. आता रूम फक्त सदस्यांसाठी, पण खाजगी बोलणं बाहेरच्या कुणाशीही करता येतं. अनोळखी पत्त्यांचा कचरा येऊ नये म्हणून ईजॅबरडीचं 'ब्लॉक स्ट्रेंजर्स' हे मॉड्यूल चालू आहे. दुसऱ्या एका निरीक्षक गटाचे दोन जण त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवरून आमच्या लोकांशी बोलतात. त्यांना आमच्याकडे खातं काढावं लागलं नाही.

मेट्रिक्स (चॅटची दुसरी एक पद्धत) का नाही, असं बरेच जण विचारतात. मेट्रिक्सही खुली आहे आणि तिचं दिसणं अधिक आधुनिक आहे. पण तिथे रूममध्ये जितक्या सर्व्हरांचे लोक असतील तितक्या सर्व्हरांवर त्या रूमच्या इतिहासाची प्रत जाते. मोठ्या, पसरलेल्या गटांसाठी ते बळ आहे. आम्हाला मात्र रूम एकाच जागी, आमच्याकडे हवी होती. शिवाय आमचा सर्व्हर लहान आहे.

ज्यांच्याकडे रात्री साडेअकराला फोन उचलणारं कुणी नाही, त्यांनी हे स्वतः चालवू नये, हेही तितक्याच आग्रहाने सांगते. अपडेट लावावे लागतात, सर्टिफिकेटची मुदत बघावी लागते, बॅकअप घेऊन तो खरंच उघडतो का हे तपासावं लागतं. मी महिन्यातून एक रविवार त्याला देते. रूममधला एखादाच मेसेज मॉडरेटरने मागे घ्यायचा नियमही आहे, एक्सईपी-०४२५, पण तो सर्व्हर आणि प्रत्येकाचं ॲप दोघांनाही कळावा लागतो. आमच्या सदस्यांच्या फोनवर इतक्या तऱ्हेची ॲप्स आहेत की आमच्यापुरता हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

गेल्या डिसेंबरात, १३ आणि १४ च्या मधल्या रात्री, जेमिनिड उल्का बघत एकशे चाळीस जण रूममध्ये होते. मध्यरात्रीनंतर एक फार तेजस्वी उल्का गेली, अंगणात सावल्या पडाव्यात अशी. पहिला मेसेज आला, "बापरे." मग दुसरा, तिसरा. मग एका मिनिटात अकरा जण. कुणी लिहिलं, डावीकडून उजवीकडे, कुणी लिहिलं, डोक्यावरून उत्तरेला. एका बाईंनी फक्त दोन ताऱ्यांची नावं लिहिली, जिथून निघाली आणि जिथे विझली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डेटाबेस उघडला. प्रत्येक ओळीसमोर वेळ होती, सर्व्हरच्या घड्याळाची, मायक्रोसेकंदापर्यंत, आणि प्रत्येक ओळीसमोर लिहिणाऱ्याचा पत्ता. टाइप करायला कुणाला चार सेकंद लागतात, कुणाला वीस, त्यामुळे उल्केचा नेमका क्षण त्यातून मिळत नाही. पण अकराही जण एकाच उल्केबद्दल बोलत होते हे नक्की ठरलं. आम्ही प्रत्येकाला मेल करून उभं राहण्याची जागा विचारली, दिशा नकाशावर मांडल्या, आणि चौघांच्या रेषा एकमेकींना छेदल्या. ताऱ्यांची नावं लिहिणाऱ्या बाई त्या चौघांत होत्या. त्यांच्याच पासवर्डमध्ये कोलन होता.